पीएचडी चिलटांवर, लॅब रत्नागिरीत: पावसाळा, गणपती आणि बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा. मेंदूविज्ञानात पीएचडीचं दुसरं वर्ष, रत्नागिरीतल्या एका कॉलेजात छोटी लॅब, काम ड्रोसोफिला या चिलटाएवढ्या माशीच्या स्मृतीवर. जानेवारीत चांगले आलेले आकडे जुलैत कोसळले. खाद्यावर बुरशी, व्हायल्समध्ये, म्हणजे माशा वाढवायच्या छोट्या बाटल्यांत, माइट्स (बारीक कोळीकिडे), दिवसाआड लाइट जाते. घर गुहागर तालुक्यात, आणि गाईडकडे गणपतीची रजा मागायचा धीर होत नाही. लॅबबाहेर काही आयुष्य उरतं का?

उरतं. गणपतीला आठवडाभर घरी जाता येतं, तेही एकही क्रॉस, म्हणजे ठरवून लावलेला नर-मादीचा संकर, वाया न घालवता. तो हिशेब शेवटी दिला आहे, कारण त्याआधीचं जमलं तरच तो जमतो.

आधी ते कोसळलेले आकडे. जनुकाला दोष देण्यापूर्वी वहीतल्या तारखा पाहा. कंट्रोल (साध्या माशा) जानेवारीत आणि म्यूटंट (जनुक बदललेल्या) जुलैत चालवले असतील, तर तुम्ही मोजलाय तो पावसाळा. कंट्रोल आणि म्यूटंट एकाच दिवशी, खाद्याच्या एकाच घाण्यावर वाढलेले, आलटून पालटून चालवायचे. व्हायल्सवर ‘क’ आणि ‘ख’ अशा चिठ्ठ्या दुसऱ्या कुणाकडून लावून घ्यायच्या, म्हणजे मोजताना कोणती कुठली ते आपल्यालाही कळत नाही. आणि प्रत्येक प्रयोगापुढे खोलीचं तापमान व आर्द्रता लिहायची. साध्या डिजिटल आर्द्रतामापकाने भागतं. सहा महिन्यांनी हाच रकाना तुम्हाला वाचवणार आहे.

माशांना वास शिकवून मग दोन वासांतून एक निवडायला लावायच्या यंत्राची, म्हणजे टी-मेझची, पद्धत टली आणि क्विन यांनी १९८५ साली मांडली. लॅबगणिक सेकंद थोडे इकडेतिकडे होतात, पण सांगाडा असा: २ ते ५ दिवस वयाच्या सुमारे १०० माशा, आतून तांब्याची जाळी असलेल्या नळीत. ९० सेकंद नुसती हवा. मग पहिला वास ६० सेकंद, त्यासोबत दर ५ सेकंदांनी ९० व्होल्टचा सव्वा सेकंदाचा झटका, म्हणजे एकूण १२. मग ४५ सेकंद हवा, दुसरा वास ६० सेकंद झटक्याविना, पुन्हा ४५ सेकंद हवा. शेवटी निवडीच्या जागी नेऊन २ मिनिटं दोन्ही वास समोरासमोर. झटक्याचा वास टाळलेल्या माशांतून त्याच्याकडे गेलेल्या वजा करायच्या आणि एकूण माशांनी भागायचं. दुसऱ्या गटात वासांची अदलाबदल करून दोन्ही आकड्यांची सरासरी घेतली की एक ‘एन’, म्हणजे मोजणीतली एक नोंद, होतो. या अदलाबदलीत कुचराई नको. दोहोंतल्या एका वासाकडे, समजा ऑक्टॅनॉलकडे, माशांचा मुळातच कल असेल, तर तो स्मृतीसारखा दिसतो.

प्रयोगाची खोली हवी २५ अंश, आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास, मंद लाल दिवा. लाल यासाठी की माशीला तो जवळजवळ दिसत नाही. कोकणात गंमत अशी की बाहेर ९० टक्के दमटपणा आणि आत एसीने हवा सुकवून ५०वर आणलेली. त्यामुळे भर जुलैत रत्नागिरीत ओल्या टॉवेलने खोलीतला दमटपणा वाढवावा लागतो. मग लाइट गेली, एसी बंद पडला, की पंधरा-वीस मिनिटांत उलटं चित्र. अशा मधल्या वेळेतले आकडे टाकून द्या, सावरायला जाऊ नका.

वास खनिज तेलात साधारण हजारास एक ते पाचशेस एक या प्रमाणात रोज ताजे मिसळायचे. आठवड्यातून एकदा न शिकवलेल्या माशांना दोन्ही वासांमध्ये सोडून पाहा. निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या पाहिजेत. मे महिन्यात तापमान दोन अंशांनी चढलं तरी वाफ वाढते आणि हा तोल ढळतो.

तुमच्या जुलैच्या आकड्यांमागे आणखी एक संशयित आहे: तांब्याची जाळी. खाऱ्या हवेत तिच्यावर हिरवट थर चढतो, शिवाय जाळीच्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत माशांची विष्ठा आणि दमट हवेचं पाणी साचून दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या जातात. मशीनवर ९० व्होल्ट दिसतात, माशीपर्यंत त्याच्या निम्मेही पोचत नाहीत. रोज सकाळी, नळी कोरडी असताना, मल्टिमीटरचं एक टोक एका पट्टीवर आणि दुसरं शेजारच्या पट्टीवर टेकवा. मीटरने दोन पट्ट्यांत वीज जात नाही असंच दाखवायला हवं. कुठलाही आकडा स्थिर दिसला तर ती नळी बाजूला काढा, मऊ ब्रश आणि ७० टक्के इथेनॉलने फट साफ करा, पंख्याखाली वाळवा, पुन्हा मोजा. महिन्यातून एकदा नुसता झटका टाळण्याची चाचणी वेगळी घ्या. झटकाच न लागलेली माशी विसरभोळी ठरवणं हा या क्षेत्रातला जुना अपघात आहे.

आता खाद्य. देशातल्या अनेक लॅबमध्ये मक्याचं पीठ वापरतात: १ लिटर पाण्याला पीठ ८० ग्रॅम, साखर ४०, ग्लुकोज २०, यीस्ट १५, अगार ८ ग्रॅम, प्रोपियॉनिक आम्ल ४ मिली आणि मिथिल पॅराबेन साधारण पाऊण ते १ ग्रॅम, थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून. म्हैसूरकडची रवा-गुळाची कृतीही चालते: रवा १०० ग्रॅम, गूळ १००, अगार १०, प्रोपियॉनिक आम्ल साडेसात मिली, पाणी १ लिटर. सामान कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं, हा मोठा फायदा. मात्र गूळ ढेपेगणिक बदलतो. स्टॉक, म्हणजे नुसत्या जतन करायच्या माशा, त्यावर खुशाल ठेवा, प्रयोगाच्या माशा वाढवायच्या असतील तर अख्ख्या हंगामाला पुरेल एवढी एकच ढेप घ्या. शिजलेलं मिश्रण ६० अंशांपर्यंत उतरल्यावरच आम्ल घाला. उकळत्यात घातलं तर बरंचसं वाफेबरोबर उडून जातं, नाकाला लगेच कळतं, आणि चौथ्या दिवशी बुरशी येते. ‘आम्लाचं प्रमाण बरोबर होतं’ असं सांगणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच झालेली असते. बुरशी दिसली म्हणून आम्ल दुप्पट करू नका, अळ्या मंद वाढतात आणि अंड्यापासून माशी होण्याचं दहा दिवसांचं गणित बिघडतं.

१ लिटरमध्ये दीडशेच्या वर व्हायल्स भरतात. त्या मलमलच्या कापडाखाली रात्रभर वाळवायच्या, पण पावसाळ्यात रात्रभरात काहीही वाळत नाही. टेबल फॅन लावा, आणि तरी काचेवर थेंब राहिले तर व्हायलमध्ये फिल्टर पेपरची बोटभर पट्टी खोचा. ओल्या भिंतीला चिकटून मेलेल्या माशा हे खाद्य नीट न वाळल्याचं लक्षण आहे, रोगाचं नव्हे.

माइट्सचं मूळ आळसात आहे, हे कडू वाटलं तरी खरं आहे. महिन्याहून जुनी व्हायल लॅबमध्ये दिसता कामा नये. टाकायच्या व्हायल्स आधी डीप फ्रीझरमध्ये रात्रभर, मग कचऱ्यात. ट्रे साबणाच्या पाण्याच्या उथळ परातीत ठेवा, बोळे घट्ट बसवा, बाहेरून आलेला स्टॉक दोन पिढ्या वेगळ्या खोलीत. लागण झालीच तर प्रौढ माशा दर तीन-चार दिवसांनी नव्या व्हायलमध्ये उलटत राहा. माइटची अंडी जुन्या खाद्यात मागे राहतात. माइट्सवाल्या व्हायल्स दिवसाच्या शेवटी हाताळा, सकाळी पहिल्यांदा नाही.

एप्रिल-मेमध्ये वेगळाच पाहुणा येतो. आंबा-फणसाच्या दिवसांत रानटी ड्रोसोफिला खिडकीतून आत शिरतात आणि स्टॉकमध्ये मिसळतात. आपल्याकडे ड्रोसोफिला अननासी भरपूर. तिच्या नराच्या पोटाचं टोक मेलॅनोगास्टरसारखं काळं नसतं, एवढी खूण लक्षात ठेवा. लॅबमध्ये आंबा कापून खायचा नाही, हे सांगावं लागतं, आणि सांगूनही कुणी ना कुणी खातंच. टेबलावर व्हिनेगरचा सापळा ठेवा.

आगोटीची खरेदी घरी करतात तशी लॅबचीही मेअखेर करून ठेवा. अगार, प्रोपियॉनिक आम्ल, बोळे, सिलिका जेल, कार्बन डायऑक्साइडचा जादा सिलिंडर. घाट बंद, गाड्या पावसाळी वेळापत्रकावर, अशा दिवसांत कुरिअरवर विसंबू नये. कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार हवेतलं पाणी ओढतात, बाटली उघडून वजन करेपर्यंत आकडा खोटा ठरतो. त्याचं १ मोलरचं तयार द्रावण वापरा. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना बुरशी लागली की काच कायमची जाते. घट्ट दाराच्या कपाटात एक छोटा पिवळा बल्ब सतत चालू ठेवणं हा इकडचा जुना उपाय आजही उत्तम.

विजेचं बघू. बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे माशांचं तापमान स्थिर राखणारं कपाट, चालताना ४०० वॅट घेत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी चार-सहा पट ओढतो. म्हणून कॉम्प्युटरचा यूपीएस त्याला उचलत नाही. अडीच केव्हीएच्या आसपासचा इन्व्हर्टर आणि किमान दोन बॅटऱ्या लागतात. सोबत असा स्टॅबिलायझर घ्या, जो लाइट आल्यावर तीन मिनिटं थांबून मग वीज सोडतो. लाइट येते-जाते-येते या खेळात कॉम्प्रेसर जळतात.

एवढा पैसा नसेल तर थर्माकोलचा मोठा खोका. वर टॉवेलमध्ये गुंडाळलेली गोठलेली १ लिटरची बाटली, मधे पुठ्ठा, खाली व्हायल्स, आत थर्मामीटर. बाटली टॉवेलविना ठेवली तर जवळच्या व्हायल्स गारठतात. चाळीसेक लिटरच्या जाड खोक्यात एक बाटली आठेक तास निभावते, पण आधी रिकाम्या व्हायल्स ठेवून एकदा तपासून घ्या.

लाइट गेल्यावर सगळ्यांना एकदम वाचवायला धावू नका. साधा स्टॉक एक रात्र ३० अंशांत काढतो, फक्त सलग त्या तापमानात वाढलेले नर वांझ निघतात. धोका आहे तो तापमानावर चालणाऱ्या लाइन्सना, म्हणजे माशांच्या वाणांना. शिबिरे-टीएस हे तापमानाने बदलणारं जनुक ज्या चेतापेशींत घातलंय त्यांचे संदेश २९-३० अंशांवर काही मिनिटांत थांबतात आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतात, म्हणजे निदान परत येतात. पण गॅल८०-टीएस या तापमानावर चालणाऱ्या ‘ब्रेक’च्या क्रॉसमध्ये जनुक १८ अंशांवर दाबून ठेवलेलं असतं. काही तास ३० लागले की ते चालू होतं, आणि नंतर त्या माशीकडे पाहून काहीच कळत नाही. अशा व्हायल्सवर लाल टेप लावा, लाइट गेली की खोक्यात प्रथम त्या, आणि कमाल-किमान थर्मामीटरने २५ ओलांडलेले दाखवले तर निर्दयपणे फेका. तापमानाने लुळ्या पडणाऱ्या माशांवरचं ओबेद सिद्दिकी आणि सीमोर बेंझर यांचं काम १९७६ सालचं. सिद्दिकींनी पुढे कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये माशीच्या घ्राणेंद्रियाच्या अभ्यासाची शाळाच उभी केली. तेव्हा समुद्राकाठी माशा जगत नाहीत ही सबब चालणार नाही.

प्रत्येक महत्त्वाच्या स्टॉकची एक प्रत दुसऱ्या गावातल्या लॅबमध्ये असू द्या. आपल्याकडे १८ अंशांवर दोन प्रती, दोन आठवड्यांच्या अंतराने उलटायच्या. एक घाणा बिघडला तर दुसरा हाताशी राहतो.

आता लॅबबाहेरचं. घरच्यांना विषय सांगताना ‘माशांवर पीएचडी’ म्हणू नका. कोकणात त्याचा अर्थ मासे असाच होतो आणि पुढचा प्रश्न सुरमईच्या भावाचा येतो. ‘फळमाशी’ म्हटलं तर बागायतदार काकांना आंब्यातली बॅक्ट्रोसेरा आठवते, जिच्यासाठी ते रक्षक सापळे लावतात. ‘पिकल्या केळ्यावरची चिलटं’ म्हणा, लगेच कळतं.

आणि मेंदूविज्ञान त्यांना खरंच दाखवायचं असेल तर ऑगस्टात, मासेमारीबंदी उठल्यावर, मिरकरवाडा बंदरावरून ताजं माकूल (स्क्विड) आणा. जाळीतून नुकतंच आलेलं, पारदर्शक झाक असलेलं. आवरण खालच्या बाजूने उभं चिरून पसरा, आतडी अलगद उचला. आतल्या भिंतीवर, डोक्याकडच्या बाजूला, डावी-उजवीकडे एकेक पांढुरका ठिपका दिसेल आणि त्यातून चांदणीसारखे धागे फुटलेले. त्यांतला मागे जाणारा सगळ्यात जाड धागा बोटाने हलकेच ताणा. महाकाय अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीची संदेश नेणारी लांब तार, त्यात असतो, काही जातींत १ मिमीपर्यंत जाड. हॉजकिन आणि हक्स्ले यांनी १९३९ साली असल्याच धाग्यात इलेक्ट्रोड सरकवून पेशीच्या आतला विद्युत्संदेश मोजला आणि १९६३ साली नोबेल मिळवलं. घरच्यांना पाच मिनिटं दाखवा आणि माकूल स्वयंपाकघरात परत करा.

पैशाचं थोडक्यात. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० आणि एसआरएफ (सीनियर) ४२,००० रुपये आहे. पण ती दरमहा ठरल्या तारखेला येईल असं गृहीत धरून खोलीचं भाडं, मेस आणि गाडीचा हप्ता बांधू नका. तीन-चार महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा. घरी पैसे पाठवायचे असतील तर आकडा लहान आणि नियमित ठेवा. सलग काही आठवडे झोप उडाली, सकाळी लॅबच्या पायऱ्या चढवेनात, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं. छोट्या लॅबमध्ये शेजारी कुणी नसणं हा मोठा ताण आहे. मुंबई-पुण्याच्या एखाद्या माशीवाल्या गटाबरोबर पंधरवड्याला ऑनलाइन पेपर वाचायची वेळ बांधून घ्या. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकासाठी तिकडे जाल तेव्हा ओळख उपयोगी पडते.

रजेचा नियम तुमच्या बाजूचा आहे. फेलोशिपवर वर्षाला ३० दिवस रजा मिळते, सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. दिवाळीची किंवा मेची लांब सुट्टी मात्र नसते. म्हणून हे ३० दिवस गणपती, शिमगा आणि एखादं लग्न यांत आधीच वाटा आणि जूनमध्येच गाईडना तारखा कागदावर द्या, सोबत क्रॉसचं वेळापत्रक जोडून. ‘सर, जाऊ का?’ यापेक्षा ‘सर, या तारखांना लॅबमध्ये हात लावायचं काहीच नसेल’ हे वाक्य लवकर मान्य होतं.

ते खरं करून दाखवायचं साधन म्हणजे तापमान. अंड्यापासून माशी व्हायला २५ अंशांवर १० दिवस, १८ अंशांवर जवळपास दुप्पट. दुसरं साधन बीओडीतला दिवा. माशा कोषातून बहुतेक पहाटेच्या सुमारास बाहेर पडतात, आणि त्यांची पहाट म्हणजे तुमचा टायमर. एसटी साडेनऊला पोचत असेल तर दिवा सकाळी १० ते रात्री १० ठेवा. एक पिढी त्या वेळापत्रकावर वाढली की माशा तुमच्यासमोर बाहेर येतात, सातला उठून धावायला नको. फक्त शिकवण्याचा प्रयोगही रोज त्याच घड्याळाने, दिवा लागल्यापासून ठरावीक तासांनीच करा. व्हर्जिन, म्हणजे नराशी संग न झालेल्या, माद्या २५ अंशांवर ८ तासांच्या आत वेचायच्या. संध्याकाळी व्हायल रिकामी करून १८ अंशांत ठेवली तर सकाळपर्यंत, साधारण १६ तास, सवड मिळते. शंका असेल तर पोटाच्या बाजूला हिरवट-काळा ठिपका शोधा. तो दिसतोय तोवर माशी नुकतीच जन्मलेली आहे.

दीर्घ स्मृतीच्या प्रयोगाला १० फेऱ्या आणि मधे १५-१५ मिनिटं विश्रांती, म्हणजे जवळपास तीन तास, आणि चाचणी २४ तासांनी. पहिला गट विश्रांती घेतोय तेवढ्यात दुसरा आणि तिसरा शिकवता येतो. म्हणून एकाच मशीनवर तिन्ही गट एकत्र लावा. शुक्रवारी शिकवलं की शनिवार गेला. मंगळवार-बुधवार आणि बुधवार-गुरुवार अशा जोड्या ठेवल्या तर रविवार तुमचा.

उदाहरण २०२६चं घेऊ. अधिक महिन्यामुळे चतुर्थी उशिरा, सोमवारी १४ सप्टेंबरला. शेवटचं शिकवणं गुरुवारी १० तारखेला, चाचणी शुक्रवारी ११ला. पुढच्या प्रयोगाचे क्रॉस बुधवारी ९ला २५ अंशांवर लावा, आणि शुक्रवारी निघण्यापूर्वी आईबाप माशा काढून टाका. त्या राहिल्या तर नव्या पिढीत मिसळतात, सगळा घोळ इथेच होतो. नवी पिढी १९ ते २१च्या दरम्यान बाहेर येईल. रविवारी २० तारखेला गौरी-गणपती आटोपून परत या, सोमवारी सकाळी सगळ्या माशा ताज्या खाद्यावर घ्या, बुधवारी २३ला त्या २ ते ४ दिवसांच्या असतील. शिकवायला घ्या.

निघताना स्टॉक १८ अंशांवर, सगळे आठवडाभर आधी उलटलेले. बीओडीच्या दारावर एकच कागद, मोठ्या अक्षरात: लाइट गेली तर लाल टेपवाल्या व्हायल्स खोक्यात, बाटल्या फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात, आणि वॉचमनमामांच्या नंबराखाली तुमचा घरचा नंबर. गावात रेंज नसते, म्हणून शेजारच्या दुकानाचाही.